मधे थांबलेली दांडी

पांढुर्णा, २८ ऑगस्ट १९८९

विजया,

पार्सलची पोच देणं हा रेल्वेचा नियम आहे, म्हणून लिहितो आहे. दुसरं काही समजू नकोस.

तुझी लाकडी पेटी काल दुपारी पांढुर्णा स्टेशनला उतरली. वजन एकेचाळीस किलो, कोपरे शाबूत, दोरी न सुटलेली. पावतीवर आईचं नाव होतं, पण सही मी केली. हातगाडीवाल्यानं पेटी उलटी ठेवली होती, बाण खाली. बाण शोभेसाठी छापत नाहीत, हे त्याला स्टेशनबाहेरच समजावून सांगितलं. त्याला ते आवडलं नाही. पेटी आता मधल्या खोलीत तुझ्या जुन्या कॉटखाली आहे.

तू आईला लिहिलेलं पत्र मी वाचलं. ती तुझी पत्रं पिठाच्या डब्यामागे ठेवते, मी तिथून काढून वाचतो आणि होती तशी ठेवतो. हे तिलाही माहीत आहे. चार वर्षं असंच चाललं आहे. दुबईला वाद्यवृंदाचा तीन महिन्यांचा कार्यक्रम आहे, मुंबईची खोली सोडावी लागली, म्हणून सामान इकडे पाठवते, असं तू लिहिलंस. पुढे लिहिलंस, ‘नोव्हेंबरात माणूस पाठवून नेईन, तोवर कोणी उघडू नये.’ ह्यातला ‘कोणी’ कोण, ते कळलं. घरात आम्ही दोघंच आहोत आणि तुझी आई पेचकस धरत नाही.

पेटी उघडणार नाही.

मी ३० जूनला रिटायर झालो. तिगावच्या सिग्नल केबिनची किल्ली माझ्या जागी आलेल्या भिवाजीच्या हातात दिली. नव्या स्टेशन मास्तरांनी हार घातला, नारळ दिला, भाषणात माझं नाव चुकवलं. तुला कळवायचं राहून गेलं. राहून गेलं असं नाही, पत्ता होता. असो.

परवा पोळा, तेरवा गोटमार, सावरगावशी दगडफेक. मी नदीवर जाणार नाही. डोक्याला टाके पाडून घ्यायचं वय गेलं.

पोच मिळाल्याचं कळवावं. आईला कळवलंस तरी चालेल.

मोतीराम


पांढुर्णा, १३ सप्टेंबर १९८९

विजया,

पेटी उघडली.

कॉटखाली ओल आली म्हणून उघडली, असं लिहिणार होतो. तुझी आई पाठीमागून वाचत होती. म्हणाली, “खोटं काहून लिहून राहिले जी? चौथ्या दिवसापासून पेटीभवती मांजरावानी फिरत होते तुमी.” तेव्हा खरं लिहितो. चार वर्षं माझी पोर कशाशी झटते आहे, ते मला बघायचं होतं.

वर्तमानपत्रं काढली. कॉम्प्युटर निघाला, त्याचा टीव्हीसारखा डबा निघाला, वाजवायची, पियानोसारख्या बटणांची काळी पट्टी निघाली. तिच्याकडे बघायला मला थोडा वेळ लागला. तुझी पहिली पट्टी अशीच होती, ह्याहून लहान. मी अंगणात फेकली ती.

आणि सगळ्यांत खाली, तुझ्या जुन्या शालीत गुंडाळलेला, एक चपटा डबा. त्यावर आठ दांड्या एका ओळीत, खाचेत वर-खाली सरकणाऱ्या, प्रत्येकीखाली नंबर. मी तो मांडीवर घेतला. अगं, ही तर केबिन आहे! बावीस लिव्हरच्या ऐवजी आठ, आणि अंगठ्यानं सरकणारे, एवढाच काय तो फरक. मी तुझ्या आईला हाक मारली. ती म्हणाली, “तुमाले तं भज्याच्या झाऱ्यातही केबिनच दिसते.”

वायरी जोडायला दोन दिवस गेले. प्रत्येक यंत्राच्या पाठीला दोन गोल भोकं, एकावर ‘इन’, एकावर ‘आउट’. मी सरळ माणूस. इनला इन जोडलं, आउटला आउट. कॉम्प्युटर चालू केला, चित्र आलं, दांड्या सरकवल्या, काहीच हललं नाही. तेव्हा मी एक गोष्ट केली जी चार वर्षं टाळली होती. बसमध्ये बसलो आणि सौंसरला गेलो.

तिथल्या शाळेत सायन्सच्या बाई आहेत, नागपूरला कॉम्प्युटरचं ट्रेनिंग करून आलेल्या, असं ऐकलं होतं. पत्ता विचारत गेलो आणि संत्र्याच्या बागेतल्या त्याच घरासमोर उभा राहिलो. तुला बघायला आले होते त्या लोकांचं घर. बाई म्हणजे अनुराधा, मुलाची धाकटी बहीण. त्या दिवशी वेणी घालून कोपऱ्यात बसली होती ती. मी उलट्या पावली निघणार, तेवढ्यात तिनंच ओळखलं. “विजयाचे बाबा ना जी तुम्ही? बसा, पाणी आणते.”

पाणी प्यायलो आणि म्हटलं, “बाई, त्या दिवशी आमच्या पोरीनं तुमच्या घरच्या माणसांसमोर ती पट्टी वाजवली, मुंबईला जाते म्हणाली. तुमचा अपमान झाला. त्याची माफी राहून गेली.”

ती हसायलाच लागली. “काका, कोणाचा अपमान? दादालेच लग्न नव्हतं करायचं. आम्ही परत येताना बसमध्ये तेच गाणं गुणगुणून राहिलो होतो. माझी आई तर म्हणे, पोरीच्या हातात सरस्वती हाय.”

विजया, चार वर्षं मला वाटत होतं की सौंसरात माझं नाक कापलं गेलं. नाक जागेवर होतं. मीच उगाच चेहरा झाकून फिरत होतो.

अनुराधाबाई रविवारी बसनं आल्या. पाठीमागे डोकावल्या आणि म्हणाल्या, “काका, ह्याचं आउट त्याच्या इनमध्ये.” मी कपाळावर हात मारला. तिगावहून सुटलेली गाडी पांढुर्ण्याला पोचते. सुटण्याला सुटणं कोण जोडतं? एकोणचाळीस वर्षं नोकरी केली आणि हे दुसऱ्यानं सांगावं लागलं!

मग त्यांनी मोठी गोष्ट सांगितली. ह्या वायरीतून आवाज जात नाही. निरोप जातो, फक्त आकड्यांचा. अमक्या नंबरचं वाद्य, आवाज इतका. काळी पट्टी निरोप ऐकते आणि वाजते. हे मला समजावायला नकोच होतं. लिव्हर ओढला म्हणून सिग्नल काही माझ्या मुठीत येत नाही. तार निरोप नेते आणि अर्ध्या मैलावर पाटी पडते.

पेटीत चौकोनी फ्लॉपी होत्या. एकीवर तुझ्या अक्षरात ‘आई’ लिहिलं होतं. तीच लावली.

आठही वाद्यं एकदम, पूर्ण जोरात. बासरी, सतार, ढोलक, घुंगरू, शेवटी बाजाच्या पेटीचा सूर. कुत्री भुंकायला लागली. तुझी आई कणकेच्या हातानं दारात आली आणि तिथेच थांबली. तिचं भुलाबाईचं गाणं होतं ते, मी फाटकावर गेटमन असताना तिनं रचलेलं. माहेरवाशीण बैलबंडीतून आली आहे, फाटक बंद आहे, आणि ती विनवते आहे की फाटकवाल्या दादा, दांडी वर कर, पलीकडे माहं माहेर. लग्नानंतर दोन वर्षं मला चिडवायला म्हणायची. तू ते इतक्या दूर नेऊन ह्या आठ वाद्यांत मांडलंस, आणि आम्हाला सांगितलं नाहीस.

ती ऐकत राहिली. डोळे पुसले, त्यामुळे गालाला कणीक लागली. मग म्हणाली, “माहंच गाणं होय हे. पन एवढं ओरडून काहून राहिलं?”

बाई म्हणाल्या, “हे अर्धवट आहे, काकू. कोणाचा आवाज कुठे वर, कुठे खाली, ते लावायचं राहिलं. त्याचसाठी ह्या आठ दांड्या.”

तुझ्या आईनं दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायांना सांगून टाकलं की कोजागिरीला आपल्या अंगणात भुलाबाई कॉम्प्युटरवर होणार. माझ्या हातात एक महिना आहे.

आता जे मागायचं ते मागतो. नोव्हेंबरात माणूस पाठवू नकोस. तू स्वतः ये. माणसाच्या हाती पेटी देणार नाही. पावतीवर सही माझी आहे.

तुला आठवतं, तिगावच्या क्वार्टरमधून तू डबा घेऊन केबिनखाली यायचीस आणि ओरडायचीस, “बाबा, लाईन क्लिअर?” मी वरून दोन आकडी नंबर द्यायचो, गाडीला परवानगी देताना देतात त्या खऱ्या प्रायव्हेट नंबरसारखा. तो मिळाल्याशिवाय तू पायरी चढायची नाहीस. परवानगी देतो तो नंबर देतो, असा नियम आहे. आता खाली मी उभा आहे. लाईन क्लिअर?

बाबा


पांढुर्णा, ३० सप्टेंबर १९८९

विजया,

नंबर आला नाही. पण दुबईचं टपाल पंधरा दिवस घेतं असं पोस्टमास्तर म्हणतात, तेव्हा वाट पाहतो.

दांड्यांनी मला रडवलं. पहिली तक्रार बासरीची. पहिली दांडी खाली ओढली तर बासरी हटेना, सतार मेली. दुसरी ओढली तर ढोलक गेलं. आठवी ओढली तर काहीच झालं नाही. मला वाटलं दुबईच्या नादात तू बिघडलेला डबा पाठवलास. माफ कर, दोन दिवस मी तुला शिव्या दिल्या.

मग लिव्हर तपासायची आमची पद्धत काढली. नवी तार बसली की एक माणूस लिव्हरपाशी आणि दुसरा पार त्या टोकाला, रुळांच्या सांध्यापाशी. लिव्हर ओढला की तिकडून हात दाखवायचा. अंदाजानं चालत नाही. तुझ्या आईला स्पीकरपाशी स्टुलावर बसवलं, वही दिली. मी एक दांडी ओढायची आणि कोण गप्प झालं ते तिनं सांगायचं. तिला वाद्यांची नावं येत नाहीत, पण कान असा की घुंगरू कितीही गर्दीत असो, ओळखते. सतारीला ती ‘मोठ्या घरची सून’ म्हणते. चौथ्या दांडीला म्हणाली, “तुमी दरवेळी शेजारच्याचीच मान मुरगाळून राहिले जी!”

शेजारच्याची. वहीत पाहिलं तर खरंच. एकीचा घाव दुसऱ्यावर, दुसरीचा तिसऱ्यावर. सगळ्या दांड्या एक घर पुढे सरकलेल्या. आणि मला किलोमीटरचे दगड आठवले. गँगमनचे दगड मुंबईपासून शून्यानं सुरू होतात आणि स्टेशनातल्या लाईनी एकानं. तिगावला कोणालाच त्यात भांडण दिसत नाही, कारण कोण कुठून मोजतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुझा डबा गँगमन आहे आणि कॉम्प्युटर स्टेशन मास्तर! मी डब्याच्या नंबर दाखवणाऱ्या छोट्या खिडकीत पहिल्या दांडीला एक नंबर दिला होता. तिथे शून्य केलं, पुढे एक, दोन, असं सातपर्यंत. दांडी ओढली.

बासरी गेली.

मी अंगणात जाऊन “लाईन क्लिअर” असं ओरडलो. शेजारचे विनायकराव चहाचा कप घेऊन धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. सौंसरला बाईंना पोस्टकार्ड टाकलं, एकाच ओळीचं: ‘शून्यापासून मोजतो.’ त्या रविवारी आल्या तेव्हा वाकून नमस्कार केला मला. म्हणाल्या, “काका, आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे कोणी सांगतलं नव्हतं.” रिटायर झाल्यावर मिळालेल्या हारापेक्षा हे मला जास्त चढलं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. दांड्या बरोबर लागल्या, तरी गाणं होईना. बासरी एक तर कानठळ्या बसवायची, नाही तर नसायचीच. बाई माझा हात बघत होत्या. म्हणाल्या, “काका, तुम्ही मधे थांबूनच नाही राहिले. एकदम वर, नाही तर एकदम खाली.”

खरं होतं. लिव्हर कधी मधे सोडायचा नसतो, विजया. पूर्ण इकडे, नाही तर पूर्ण तिकडे, आणि खटका बसल्याचा आवाज आल्याशिवाय हात काढायचा नाही. अर्धा राहिला तर गाडी रुळावरून उतरते, माणसं मरतात. एकोणचाळीस वर्षं माझा हात दुसरं काही शिकलाच नाही. अंगठा मधे थांबवला की मला दरदरून घाम फुटायचा.

बाईंनी माझ्या अंगठ्यावर आपलं बोट ठेवून दांडी निम्म्यावर आणली आणि धरून ठेवली. “बघा. कोणी मेलं काय?”

कोणी मेलं नाही. बासरी दूर गेली, पण होती. सतारीच्या मागून ऐकू येत होती. तुझी आई म्हणाली, “हां, आता माणसावानी बोलून राहिली.”

त्या दिवशी जेवताना एक गोष्ट ध्यानात आली. घरातही मी असाच होतो, पूर्ण इकडे नाही तर पूर्ण तिकडे. वाजवायचं तर ह्या घरात नाही, ह्या घरात तर वाजवायचं नाही. पट्टी एक तर कॉटवर, नाही तर अंगणात. मधे एखादी जागा असते, हे मला एकोणसाठाव्या वर्षी एका मास्तरीणबाईनं बोट धरून शिकवलं. माझं चुकलं, विजया. हे आधीच लिहायला हवं होतं, मागच्या पत्रातही मी ते पेटीच्या वायरीत लपवलं.

आता रोज सकाळी पूजा झाली की तासभर दांड्या. अंगठ्याला घट्टा पडला आहे. कोजागिरीला चौदा दिवस.

लाईन क्लिअर?

बाबा


पांढुर्णा, १६ ऑक्टोबर १९८९

विजया,

जिंकलो!

क्रमानं लिहितो, नाही तर तुझी आई म्हणेल फुशारकी मारून राहिले.

परवा शनिवारी कोजागिरी. दिवस मावळायच्या आत अंगण झाडून, ज्वारीचे पाच धांडे बांधून त्याखाली भुलाबाई-भुलोजी मांडले. ओट्यावर टेबल, टेबलावर तुझी सगळी केबिन. मोठे स्पीकर मंडपवाल्या भैय्याजींनी आणले आणि जाताना विचारलं, “मोतीरामजी, हे वाजते की नुसतं पाहाचं?” बाया चाळीसच्या वर होत्या, सावरगावच्याही नदी ओलांडून आल्या. गोटमारीला दगड मारतात ते वेगळं, गाण्याला येतात. अनुराधाबाई सौंसरहून आल्या, सोबत त्यांच्या आईही. मी नवं धोतर नेसून बसलो.

बाईंनी सांगितलं होतं की ‘रेकॉर्ड’ दाबून ठेवू, म्हणजे तुमच्या दांड्या कशा हलल्या ते कॉम्प्युटर टिपून घेईल. दाबलं. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं असं गेलं की बाया गाता गाता माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मीच वाजवतो आहे. मी मान वर केली नाही, पण कान लाल झाले होते.

दुसऱ्या कडव्याला गडबड झाली. इकडच्या बाया गातात ठायीठायी थांबून. एखादीला हसू येतं, एखादी टिपरी चुकवते, मग बाकीच्या तिच्यासाठी थांबतात. तुझा कॉम्प्युटर कोणासाठी थांबत नाही, मेल गाडीसारखा. आणि ही तालीम घरात आम्ही दोघांनीच केलेली. चाळीस बाया म्हणजे काय, ह्याचा विचारच केला नव्हता. बासरी तिसऱ्या कडव्यावर गेली आणि बाया अजून दुसऱ्यात. निम्म्या गप्प झाल्या, निम्म्या ओरडायला लागल्या. मागून कोणी तरी हसलं. तुझी आई भुलाबाईसमोर उभी, तोंडातला शब्द तोंडात, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वी पट्टी अंगणात पडली तेव्हा पाहिलं होतं, तसंच.

माझा हात आपोआप बटणाकडे गेला. बंद करायचं. धोका दिसला की सगळे सिग्नल वर टाकायचे आणि गाडी उभी करायची, हे माझ्या रक्तात आहे.

मी हात मागे घेतला. बासरी हळू खाली आणली, सतार खाली, घुंगरू, पेटी, एकेक करून सात दांड्या खाली. फक्त ढोलक ठेवलं, तेही निम्म्यावर. अंगणात नुसता ठेका राहिला. बायांना तो ऐकू आला. तुझ्या आईनं टाळी धरली, दोन टाळ्या सोडल्या आणि तिसरीला बरोबर ठेक्यावर गाणं उचललं, पहिल्यापासून. चाळीस जणी तिच्यामागे. आणि मी, विजया, अंगठ्यानं बासरी वर आणत गेलो, इतकी सावकाश की कुठून आली ते कोणाला कळलं नाही. कडव्याचं भान तुझ्या बासरीला नव्हतं, पण सूर तोच, चाल तीच. शेवटी फाटक उघडतं त्या ओळीला आठही दांड्या वर, आणि अंगणात असा आवाज उठला की भैय्याजी दुकान सोडून परत आले.

दोनदा पुन्हा म्हणायला लावलं! खाऊ ओळखायचा खेळही सगळ्या विसरल्या. वाटलीडाळ झाकलेलीच राहिली. अनुराधाबाईंच्या आईनं तुझ्या आईचे हात धरले आणि म्हणाल्या, “तुमची पोट्टी कुठं हाय? तिले सांगा, सौंसरच्या म्हातारीनं दृष्ट काढली म्हणून.” तुझी आई सगळ्यांना सांगत होती, “माह्या पोरीनं बसवलं हे. पोरीनं.” मग माझ्याकडे बोट करून, “अन् हे तिचे लिव्हरमन.” एवढी मोठी बढती मला रेल्वेनं कधी दिली नाही.

काल सकाळी बाईंनी टिपून घेतलेलं लावून दाखवलं. टेबलावर दांड्या जागच्या जागी, मी हात मांडीवर ठेवून बसलेलो, आणि बासरी आपोआप खाली गेली. सतार गेली. ढोलक निम्म्यावर थांबलं. मी घाबरलो. बाई म्हणाल्या, “काका, हा तुमचाच हात आहे.”

ती फ्लॉपी ह्या पत्रासोबत रजिस्टरनं पाठवतो आहे, दोन पुठ्ठ्यांत घालून. तुमच्या वाद्यवृंदात असाच कॉम्प्युटर आहे असं तू आईला लिहिलं होतंस. लावून बघ. हिच्यात आवाज माझा नाही, आईचा नाही. हिच्यात फक्त माझा हात आहे, वर गेलेला आणि खाली आलेला. ज्या हातानं तुझी पट्टी फेकली, तोच.

आता शेवटचं. मुंबईला जायचं तर इथून नागपूरवरून सोपं. तू घर सोडलंस तेव्हा इटारशीची पॅसेंजर धरलीस. का धरलीस, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. ती गाडी तिगाववरून जाते आणि माझी ड्यूटी तुला पाठ होती. तुझ्या गाडीला सिग्नल मीच दिला. तू दारात उभी होतीस, केबिनच्या बाजूला, निळ्या साडीत. मी खिडकीखाली जमिनीवर बसलो, भिंतीला पाठ लावून, गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत. नंतर रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, तीन वाजून बारा मिनिटं. तुला वाटलं असेल की बाबा केबिनमध्ये नव्हतेच, किंवा होते आणि बघायला उठले नाहीत. होतो. उठलो नाही.

हे आईलाही आज पहिल्यांदा कळेल, कारण ती मागे उभी राहून वाचते आहे. खांद्यावर हात ठेवला आहे.

लाईन क्लिअर?

बाबा


पांढुर्णा, १७ नोव्हेंबर १९८९

विजया,

हे पत्र मुंबईच्या पत्त्यावर टाकतो आहे, तुझ्या मैत्रिणीकडे, म्हणजे तू विमानातून उतरलीस की मिळेल.

तार काल अकरा वाजता आली. तारवाला सायकलवरून उतरेपर्यंत तुझ्या आईनं देवासमोर हात जोडले. तिच्या माहेरी तार म्हणजे मयतच. मी फोडली. दोन शब्द आणि एक आकडा. लाईन क्लिअर, बासष्ट.

मी तारवाल्याला धरून बसवला आणि चहा पाजला. तो म्हणाला, “काका, तार चुकीची तं नाही ना? ह्यात मजकूरच नाही.” म्हटलं, बाबा रे, इतका भरलेला मजकूर तू जन्मात वाटला नसशील. बासष्ट मी वहीत लिहिला, वेळ टाकली, खाली सही केली. एक आकडा ऐकला की तो पुन्हा म्हणून दाखवायचा असतो, म्हणून म्हणतो. बासष्ट. बरोबर?

आज सकाळी तुझं पत्रही आलं. त्यावर नाव माझं होतं. पिठाच्या डब्यामागे ठेवायची गरज पडली नाही, आम्ही दोघांनी उजेडात वाचलं. दुसऱ्या कडव्याला ढोलक निम्म्यावर थांबतं तिथे तू गाणं परत परत लावलंस, असं लिहिलंस. तुझ्या आईनं ती ओळ मला तीनदा वाचायला लावली. बाकीचं जे लिहिलंस त्याचं उत्तर समोरासमोर देईन. रागावून झालं नसेल तर रागवायलाही ये, घर तुझं आहे.

‘तुम्ही लावलेलं मी बदलणार नाही, फक्त बायांना थांबायला जागा करून देईन’, हेही वाचलं. ते बरोबर. मी अनुराधाबाईंनाही कळवतो आहे, त्या येतीलच. पुढच्या भुलाबाईला त्यांच्या शाळेतल्या पोरींना घेऊन आठ गाणी करायची असं त्यांच्या मनात आहे, दांड्या मी धरायच्या ही अट आहे. अट मी घातली.

तू २६ तारखेला इटारशीवरून येते आहेस हे वाचून मी वेळापत्रक काढलं. तुझी आई म्हणाली, “पोट्टी पुन्हा त्याच रस्त्यानं येऊन राहिली, पाहा जी.” बघतो आहे ना. त्यासाठीच तर लिहितो.

आज दुपारी तिगावला जाऊन भिवाजीला भेटलो. गाडीची वेळ सांगितली. तो म्हणाला, “मास्तरले सांगत नाही, दादा, तुमीच ओढा त्या दिवशी लिव्हर.” मी त्याला झापलं. रिटायर माणसानं लिव्हरला हात लावायचा नाही, नियम आहे. सिग्नल भिवाजी देईल.

मी केबिनच्या जिन्यावर असेन, सर्वांत वरच्या पायरीवर, उन्हात. तुझी आई शेजारी असेल, तिनं स्वतःला नेसायला निळी साडी काढून ठेवली आहे. तू दारात उभी राहा, केबिनच्या बाजूला. गाडी तिगावला दोनच मिनिटं थांबते. आम्ही धावत येऊन तुझ्याच डब्यात चढू आणि पांढुर्ण्यापर्यंत सोबत येऊ. तिकिटं काढून ठेवली आहेत.

ह्या वेळी मी उभा असेन.

तुझे बाबा